पिवळ्या गाड्यांच्या आवारात

अमेरिकेतल्या शाळांच्या बसगाड्यांचा पिवळा रंग १९३९ साली ठरला, तो आजतागायत कायम आहे. डेन्व्हरजवळच्या विक्रीच्या आवारात त्या ओळीने उभ्या होत्या. साऱ्या जणू जुळ्या बहिणी! माझ्या पुतण्याला त्यांतल्या एकीचे फिरते घर करायचे होते. मला वाटले, आता खिडक्या मोजील, पलंगाची जागा पाहील. पण हा पठ्ठ्या थेट गाडीखाली शिरला!

एक गाडी फारच देखणी होती. इंजिनही नामांकित, कमिन्सचे. पण गिअरबॉक्स अ‍ॅलिसनचा एटी ५४५! त्याच्या टॉर्क कन्व्हर्टरला लॉक नाही. गावातल्या थांब्यांपुरते ते ठीक. पण इथून पश्चिमेला रॉकी पर्वत, अन् लव्हलँड खिंड ११,९९० फुटांवर. लांबलचक चढावर आतले तेल घुसळून तापते, उतारावर इंजिनाचा लगाम पुरेसा लागत नाही आणि सारा भार ब्रेकवर येतो. बोरघाट उतरलेल्या माणसाला हे निराळे सांगायला नको.

अखेर रंग उडालेली एक निवडली. इंटरनॅशनलचे डीटी ४६६ इंजिन, ज्याचे झिजलेले लायनर इंजिन खाली न उतरवता बदलता येतात. आणि लॉकवाला एमटी ६४३ गिअरबॉक्स. आत बाकांखाली च्युइंगमचे गोळे चिकटलेले. बाकांचे बोल्ट काढायला दुसऱ्या दिवशी मीच पाना घेतला.