वाइंडिंगवाल्याची रोजनिशी

23 सप्टेंबर 2024, सोमवार
धाकट्या भावाला घेऊन कोल्हापुरात राजारामपुरीतल्या दवाखान्यात गेलो. नैराश्यावरची दोन औषधं पूर्ण मात्रेत देऊन झाली. झोप सुधारली, पण माणूस काही खुलला नाही. डॉक्टरांनी आता आरटीएमएस सुचवलंय. चुंबकीय लहरींनी मेंदूचा ठरावीक भाग जागा करायचा. शॉक नव्हे, हे त्यांनी आईला दोनदा समजावलं. भूल नाही, झटका आणायचा नाही, उपचार संपला की माणूस आपल्या पायांनी घरी. डोक्यात धातूची क्लिप आहे का, कधी फिट आली होती का, हे मात्र खोदून विचारलं. या उपचारात फिट येण्याचा धोका हजारात एकाहून कमी, तरी तो आधी सांगितला, हे मला बरं वाटलं.

24 सप्टेंबर, मंगळवार
इंग्रजी आठच्या आकड्यासारखी कॉईल डोक्याच्या डाव्या बाजूला धरली आणि उजव्या हाताचा अंगठा टुणकन उडाला. कमीत कमी किती जोराला अंगठा हलतो ते पाहून मात्रा ठरते. प्रत्यक्ष उपचार त्याच्या थोडा पुढे, कपाळाच्या वरच्या अंगाला. टकटक आवाज मोठा, म्हणून कानात बोळे. बोळ्यांतूनही तो मला विचारत होता, “दादा, तुला यातलं काय कळतंय का?”

कळतंय. उद्यमनगरात मी रोज तांब्याची तार गुंडाळतो. कपॅसिटरमध्ये साठवलेली वीज सेकंदाच्या हजाराव्या भागाहून कमी वेळात कॉईलमधून सोडायची, हजारो अँपिअर. बदलत्या चुंबकीय क्षेत्रानं आत मेंदूत वीज उमटते. फॅरेडेनं 1831 मध्ये दाखवलं ते हेच. माझं दुकान चालतं तेही त्याच्यावरच. कवटीचं हाड विजेला अडवतं, चुंबकाला नाही. म्हणून तर कातडी न उघडता आत पोचता येतं. टकटक कशाची तेही उघड आहे: एवढा प्रवाह गेला की वेढ्यांना हिसका बसतो. वार्निश कच्चं राहिलं तर ही कॉईल चार दिवस टिकणार नाही. तापतेही, म्हणून थंड ठेवायची सोय.

29 सप्टेंबर, रविवार
आज सुट्टी. वाचत बसलो. मेंदूवर पहिलं असं यंत्र 1985 मध्ये अँथनी बार्कर आणि सहकाऱ्यांनी शेफिल्डला चालवून दाखवलं. शेफिल्ड म्हणजे पोलादाचं गाव, आपल्या शिरोलीच्या फौंड्रीवाल्यांना ते नाव परकं नाही. अमेरिकेत नैराश्यासाठी परवानगी 2008 मध्ये मिळाली, मंत्रचळासाठी 2018 मध्ये.

3 ऑक्टोबर, गुरुवार
घटस्थापना. अंबाबाईच्या गर्दीतून वाट काढत वेळेत पोचलो. आठवड्याचे पाच दिवस, चार ते सहा आठवडे. या उपचाराची खरी किंमत मला इथं दिसते. आजऱ्याकडून एसटीनं येणाऱ्या एक बाई या आठवड्यात आल्याच नाहीत. रोजचा रोजगार बुडवून कोण किती दिवस येईल? सरकारी मनोरुग्णालय गाठायचं तर आंबा घाट उतरून रत्नागिरी.

एक गोष्ट आशेची. जुन्या पद्धतीत एका बैठकीला सदतीस मिनिटं लागत. कॅनडातल्या डॉक्टरांनी 2018 मध्ये दाखवलं की थीटा बर्स्ट पद्धतीत तीन मिनिटांतही तेवढाच गुण येतो. म्हणजे एकाच यंत्रावर दिवसात कितीतरी जास्त माणसं. या यंत्रांचा बाजार वाढतोय असं सगळे सांगतात. मला वाटतं, आधी उपचार मिळणाऱ्या माणसांची संख्या वाढावी.

10 ऑक्टोबर, गुरुवार
जागतिक मानसिक आरोग्य दिन. विम्याचं उत्तर आलं: रुग्ण दाखल नव्हता, पैसे मिळणार नाहीत. 2017 च्या कायद्यात मनाच्या आजाराला शरीराच्या आजारासारखाच विमा द्या असं स्पष्ट लिहिलंय. विमा नियामकानं 2019 मध्ये नव्या उपचारांची यादी काढली. कवटीला भोक पाडून तार बसवण्याचा उपचार त्यात आहे, कातडी न उघडता होणारा हा उपचार नाही. राष्ट्रीय पाहणीत नैराश्याच्या शंभरांपैकी पंच्याऐंशी रुग्णांपर्यंत उपचारच पोचत नाहीत असं निघालं होतं. उरलेल्या पंधरांनाही आपण दारातून परत पाठवतो. मी पुन्हा अर्ज केलाय.

12 ऑक्टोबर, शनिवार
दसरा. दुकानात हत्यारांची पूजा झाली. मग पोरांशी बोलत बसलो. दवाखान्यातलं यंत्र परदेशी; कॉईल बिघडली की सुटा भाग बाहेरून यायची वाट बघायची. याच गावात 1918 मध्ये बाबूराव पेंटरांनी दामल्यांच्या मदतीनं सिनेमाचा कॅमेरा स्वतः बनवला. आपण ऑइल इंजिनं केली. डोक्याला लावायच्या वस्तूची चाचणी, सुरक्षेचे कागद, परवाने ही मोठी गोष्ट आहे, ते डॉक्टर आणि इंजिनिअर लोकांचं काम. पण तार गुंडाळणारे हात इथं आहेत. हे काम आपल्याकडे व्हायलाच हवं.

18 ऑक्टोबर, शुक्रवार
प्रश्नावलीत गुण निम्म्यावर आले. डॉक्टर म्हणाले, साधारण निम्म्या रुग्णांना असा फरक पडतो, सगळ्यांना नाही. गोळ्या बंद करायच्या नाहीत, आणि पुन्हा खालावलं तर पुन्हा यायचं. पहाटे अजून जाग येते. पण दुपारी दुकानात येऊन त्यानं गडहिंग्लजच्या पंपाचा स्टेटर कुठवर आला ते विचारलं आणि उधारीच्या वहीवरून माझ्याशी भांडला. सोमवारी इथल्या सरकारी सीपीआर रुग्णालयात जाऊन असं यंत्र तिथं कधी येणार ते लेखी विचारायचंय. अर्ज आजच लिहून ठेवलाय.