वाटीभर पाण्यातली जलदूत

सध्या वीकेंडला आमच्या लातूरची पाणीगाडी बनवतोय. जलदूत! १२ एप्रिल २०१६ ला पहिल्यांदा मिरजेहून आली, १० वाघिणींत ५ लाख लिटर पाणी घेऊन. तेव्हा आई फोनवर आधी पाण्याचंच सांगायची.

मॉडेलच्या वाघिणीवर नाव हवं, तर डेकल आपणच छापायचं. १:८७ मध्ये ३० सेंटिमीटरचं अक्षर जेमतेम साडेतीन मिलिमीटर, म्हणून शिरोरेषा जाड केली. साधा प्रिंटर पांढरा रंग छापत नाही. मग पांढऱ्या डेकल पेपरवर अक्षरांभोवती वाघिणीचाच रंग छापायचा. वर लॅकर, नाहीतर इंकजेटची शाई पाण्यात विरघळते. शेवटी डेकल वाटीभर पाण्यात भिजवून अलगद सरकवायचं.

नांदेडचा भाचा गोदाकाठचा. विचारतो, "मामा, पाण्याला रेल्वे कशाला?" त्याच्यासाठीच तर बनवतोय.

वाटीतलं पाणी मात्र कुंडीत. लातूरकर आहे शेवटी :)