पानाची पाठ

मार्च सरला की सोलापूरचं ऊन उंबरा ओलांडतं. खिडकीतल्या मनीप्लांटला ते थेट लागत नाही, पण घरातल्या हवेचा ओलावा उडून जातो आणि लाल कोळ्याला हवी असते ती नेमकी हीच कोरडी धग. डोळ्याला जेमतेम दिसेल एवढा, आठ पायांचा हा जीव. अशा हवेत आठ-दहा दिवसांत त्याची नवी पिढी तयार होते. आधी पानावर सुईच्या टोकाएवढे फिकट ठिपके येतात, मग तजेला उतरतो, शेवटी देठाच्या बेचक्यात तलम जाळं. मी पानाखाली पांढरा कागद धरून हळूच टिचकी मारते. पडलेले कण चालू लागले, की कोळी आलाच.

पिठ्या ढेकूण कापसाचं सोंग घेऊन येतो, आणि आमच्या पूर्व भागात हे सोंग त्याला फार साधतं. दिवसभर यंत्रमागांची खडखड चालते तिथे सुताचे तंतू पानांवर बसायचेच. अशा वेळी फुंकर घालावी. तंतू उडतात, पिठ्या पानाच्या कुशीत तसाच राहतो. मला त्याची खबर बहुतेक वेळा मुंग्यांकडूनच लागते. त्याच्या गोड चिकट्यासाठी त्या कुंडीवर रांगेनं चढतात. त्यांच्या वाटेनं नजर वर न्यावी. त्याच चिकट्यावर पुढे काळी काजळी धरते, आणि पानाला ऊन मिळेनासं होतं.

जिल्ह्यातल्या डाळिंब-द्राक्षांच्या बागाईतदारांना हाच पिठ्या ‘मिलीबग’ म्हणून चांगला ठाऊक. पण बागेत पाऊस पानं धुतो, ढालकिडे किडींचा फडशा पाडतात. त्यांतला क्रिप्टोलेमस तर 1898 मध्ये ऑस्ट्रेलियातून भारतात आणलेला. त्याची अळी पांढऱ्या मेणाच्या झुलीत अगदी पिठ्यासारखीच दिसते आणि पिठ्यालाच खाते! केवढी देखणी योजना ही. आपण झाड घरात आणतो तेव्हा त्याचे हे सगळे राखणदार बाहेर राहतात. मग आपणच पानं उलटून पाहायची. कीड बसते ती बहुधा पानाच्या पाठीवर, आणि आपण कौतुक करतो ते समोरच्या हिरवाईचं.

नळाला काही दिवसांआड पाणी येणाऱ्या या गावात रोज फवारा कुठून मारणार? ओलं फडकं पुरतं. पिठ्यावर स्पिरिटमध्ये भिजवलेला कापसाचा बोळा टेकवावा. कीड पसरलीच तर साबणाच्या थेंबांसह निंबोळी तेल. शेतावरचं औषध मात्र घरात, लेकराबाळांत, कधीही फवारू नका. आणि रोपवाटिकेतून नवं रोप आणलंत, तर दोन-तीन आठवडे ते जुन्या कुंड्यांपासून लांब ठेवा.