दीर्घ मुदतीची ठेव

दुसऱ्यांच्या वस्तू सांभाळून ठेवण्याबद्दल मला गेली चोवीस वर्षं पगार मिळतो आहे. ठेवपावत्या, लॉकरच्या किल्ल्या, तारणाचे दागिने, मयत खातेदारांचे वारस, सगळं आमच्या शाखेत जागच्या जागी असतं. (वारस जागच्या जागी नसतात, पण तो दोष बँकेचा नव्हे.) घरी मात्र माझी ख्याती निराळी आहे. "ह्यांच्याकडे काही ठेवायला देऊ नका हं, ठेवतात आणि विसरतात," असं आमची ही माहेरच्या मंडळींना आवर्जून सांगते. वास्तविक मी विसरत नाही. ठेवलेलं मला सापडत नाही, इतकंच.

गेल्या दिवाळीच्या साफसफाईत अण्णांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा, भिंतीवरचा फोटो खाली उतरवला. काचेच्या आत डोंबिवलीचा पाऊस शिरला होता आणि अण्णांच्या डाव्या गालावर आफ्रिका खंडाच्या आकाराचा डाग पडला होता. तसा तो फोटो आईला कधीच आवडला नव्हता. पेन्शनच्या कागदांसाठी काढलेला पासपोर्ट फोटोच मोठा केलेला. त्यात अण्णा असे बघतात की जणू त्यांच्या कर्जाचा अर्ज नामंजूर झाला आहे, आणि तो नामंजूर करणारा मीच आहे.

"अरे, बारशाच्या दिवशीचा तो हसरा आहे ना त्यांचा? नातीला मांडीवर घेतलेला? तो लाव की," आई म्हणाली.

"आहे ना! सीडीवर आहे. आत्ता काढतो," मी म्हणालो. 'सर्व्हर दहा मिनिटांत सुरू होईल' हे गिऱ्हाइकाला ज्या सुरात सांगतो, त्याच सुरात.

अण्णा कॅमेऱ्यासमोर आयुष्यात एकदाच हसले. २००७ साली, कन्येच्या बारशाला, नातीने त्यांच्या कोऱ्या धोतरावर पहिलं खातं उघडलं तेव्हा. २०११ साली अण्णा गेले. म्हणजे त्या हसण्याची दुसरी प्रत मिळण्याची सोय नाही.

त्या काळी मी एका थकबाकीच्या रकमेत चार मेगापिक्सेलचा डिजिटल कॅमेरा घेतला होता. कॅमेऱ्याचं कार्ड इवलंसं. ते भरलं की संगणकात ओतायचं, संगणक भरला की सीडी मारायची. सातशे एमबीच्या एका सीडीवर पाच-सहाशे फोटो सहज मावत. आमच्या बिल्डिंगीत सीडी मारता येणारा मी एकटाच असल्यामुळे तीन मुंजी, दोन साखरपुडे आणि एक वैष्णोदेवीची सहल माझ्या हातून चकतीबद्ध झाली. पन्नासाची गठ्ठी सर्वांत स्वस्त कुठे मिळते, एवढाच प्रश्न मी तेव्हा विचारला होता. बी.कॉम.ला कॉस्टिंग शिकलेला माणूस दुसरं काय विचारणार?

माळ्यावरून बिस्किटांचा डबा निघाला, डब्यातून सीड्या निघाल्या. पण आता लॅपटॉपला सीडी घालायला तोंडच नाही! भाच्याकडून बाहेरून जोडायचा ड्राइव्ह आणला. 'बारसं' असं लिहिलेली सीडी आत सरकवली. ड्राइव्हने आधी घसा खाकरला, मग घरघर केली, मग पाच मिनिटं चिंतन केलं आणि सीडी बाहेर टाकली. सही जुळत नाही म्हणून आम्ही चेक परत करतो, तशी.

मी सीडी मलमलीच्या फडक्याने गोल गोल पुसली. भाचा ओरडला, "मामा, गोल नाही! मधून बाहेरच्या बाजूला पुसायचं!" सीडीवर माहिती गोल गोल लिहिलेली असते, गोल पुसताना ओरखडा उठला तर तो ओळीच्या ओळी खात जातो. आडवा ओरखडा यंत्र एक वेळ ओलांडून जातं. हे ज्ञान मला अठरा वर्षं उशिरा मिळालं.

पण खरा गुन्हा पुढेच होता. भाच्याने सीडी बल्बसमोर धरली. तीस वेळा नोटा उजेडात धरून पाहणारा मी, पण सीडी कधी उजेडात धरून पाहिली नव्हती. 'बारसं' या अक्षरांतून उजेड आरपार येत होता! ब, र, स, काना आणि अनुस्वारसुद्धा. अनुस्वार तर फारच सुरेख उतरला होता.

झालं होतं असं, की सीडीतली माहिती चकचकीत बाजूला असते अशी माझी समजूत. ती असते नाव लिहायच्या बाजूला. खालून सव्वा मिलिमीटर जाडीचं प्लास्टिक, पण वरून लाखेचा एक पातळ पापुद्रा आणि त्याच्या लगेच खाली चंदेरी थर. ती बाजू जपायची, तर मी तिच्यावर बॉलपेनने नाव घातलं होतं. आणि माझं बॉलपेन म्हणजे तिसऱ्या कार्बनपर्यंत उमटणारं! पावती दाबून लिहिण्याची जी शिस्त मला पहिल्या वर्षी साहेबांनी लावली, तिने माझ्या बापाचं हसू खरवडलं. बाकीच्या तेवीस सीड्या पाहिल्या. सगळ्यांवर तेच वळणदार अक्षर.

भाच्याच्या मित्राकडे एक जुनापुराणा संगणक होता. एका ड्राइव्हला न वाचता येणारी सीडी दुसऱ्याला कधीकधी वाचता येते, म्हणे. (हे डॉक्टरांच्या चिठ्ठीसारखं आहे, एका केमिस्टला लागत नाही, कोपऱ्यावरच्याला लागते.) रात्रभर तो बिचारा ड्राइव्ह कण्हत होता. सकाळी चौसष्टांपैकी एकेचाळीस फोटो हाती लागले. त्यात जिलब्यांच्या परातीचे अकरा, अगदी सुस्थितीत. अण्णांचा फोटो उघडला तो अर्धा. फोटो वरून खाली वाचला जातो, त्यामुळे छत, भिंत, टोपी, अण्णांचं कपाळ, डोळे आणि ते हसू, इतकं आलं. तिथून खाली सगळं राखाडी.

त्या रविवारी मी निश्चय केला, आता उरलेले फोटो शास्त्रशुद्ध ठेवायचे. ग्रँट रोडला उतरून लॅमिंग्टन रोडला गेलो. पूर्वी तिथे फुटपाथवर चकत्यांचे मनोरे असत. आता पाच दुकानांत "सीडी?" असं विचारल्यावर पाचही जणांनी माझ्याकडे, मी शाईच्या दौतीचं टोपण मागितल्यासारखं पाहिलं. सहाव्या दुकानातले शेठ वयस्कर होते. त्यांनी आधी मला बसायला स्टूल दिलं.

"आर पाहिजे की आरडब्ल्यू?"

आरडब्ल्यू म्हणजे पुसून पुन्हा लिहिता येणारी. खातेवहीत पेन्सिलीने नोंद करणाऱ्याला आमच्याकडे मेमो मिळत असे. मी तात्काळ म्हटलं, "आर! एकदा लिहिलं की लिहिलं."

"प्लस की मायनस?"

मी बँकेतला माणूस, प्लस म्हणालो. शेठ म्हणाले, दोन्ही सारख्याच; दोन पक्षांचं आपसांत जमलं नाही म्हणून दोन निघाल्या. हे मला लगेच पटलं.

मग रंगाची गोष्ट निघाली. चकतीत एक रंगाचा थर असतो, लेझरचा किरण त्याच्यावर डाग पाडत जातो. ते डाग म्हणजेच आपले फोटो. रंग कच्चा तर डाग कच्चे. उन्हात ठेवली की खलास. त्यामागे आरशासारखा थर असतो, बहुधा चांदीचा. आता चांदीचं काय होतं ते घरातल्या निरांजनाला विचारा. हवेतल्या गंधकाने ती काळी पडते, आणि चकतीच्या आत चिंच लावून घासता येत नाही. सोन्याचं तसं होत नाही. म्हणून खऱ्या सोन्याचा थर दिलेल्या चकत्या निघत असत. "आहे का एखादी?" मी विचारलं. शेठनी सोनेरी डबी काढली. पण सोन्याची आणि सोनेरी यांतला फरक सोनेतारण कर्जाच्या टेबलावर तीन वर्षं बसलेल्या माणसाला कळतो. सोनेरी होतं ते नुसतं वरचं छापील लेबल! शेठ दिलखुलास हसले आणि त्यांनी चहा मागवला.

चहाबरोबर कंपन्यांचं मृत्युलेखवाचन झालं. आपल्याकडची मोझर बेअर एकेकाळी जगातल्या मोठ्या चकतीवाल्यांत गणली जाई. २०१८ साली ती अवसायनात गेली. जपानची तैयो युडेन, जिच्या चकत्यांची जाणकार शपथ घेत, तिने २०१५ साली हा धंदा सोडला. सोनीने लिहिता येणाऱ्या ब्लू-रे चकत्या काढणं २०२५ साली थांबवलं. अमेरिकेत एका कंपनीने एम-डिस्क नावाची चकती काढली. तिच्यात रंग नाही, दगडासारख्या थरावर अक्षरशः शिलालेख कोरायचा. हजार वर्षं टिकेल असा दावा. चकतीचं मला माहीत नाही, पण ती कंपनी २०१६ साली दिवाळखोरीत गेली. पुढे ती चकती दुसऱ्यांच्या नावावर मिळत राहिली. हजार वर्षांची ठेव घ्यायची आणि आपण दहा वर्षांच्या आत शटर ओढायचं, हा प्रकार आपल्याकडच्या काही पतसंस्थांनाही जमला नाही.

"मग आता काय घेऊ?" मी रडवेल्या सुरात विचारलं.

"दोन वेगळ्या कंपनीची डीव्हीडी घ्या. दोन कॉपी करा. एक दुसऱ्या गावाला ठेवा."

लॉकरला दोन किल्ल्या असतात हे रोज पाहणाऱ्या मला, हे कोणी सांगावं लागलं!

डीव्हीडीत माहितीचा थर प्लास्टिकच्या दोन चकत्यांमध्ये असतो, पोळीतल्या पुरणासारखा. माझ्या बॉलपेनचा त्याला धोका कमी. तिच्यावर ४.७ जीबी लिहिलेलं असतं आणि संगणक ४.३८ दाखवतो. हा टीडीएस नव्हे. कंपनी हजाराने मोजते आणि संगणक एक हजार चोविसाने, एवढाच फरक.

घरी येऊन हिशेब मांडला. हिच्या फोनमध्ये ९० जीबी. सीड्या केल्या असत्या तर १३२, डीव्हीडी २१. "निवडून ठेवू या," मी म्हटलं. तिथे आमच्या संसारातला सर्वांत कठीण आठवडा सुरू झाला. एकाच मिसळीचे नऊ फोटो, त्यातला कोणता ठेवायचा? सुप्रभातची गुलाबाची फुलं कोणाची? शेवटी दोन डीव्हीडींत संसार बसला. दोन प्रती, चार चकत्या. वेग मधला ठेवला. काम संपल्यावर 'पडताळून पाहू का?' असं संगणक विचारतो. त्याला पूर्वी मी 'नको' म्हणत असे, झोप येई म्हणून. बँकेत कॅश टॅली झाल्याशिवाय मी कधी जिना उतरलो नाही, आणि घरी अठरा वर्षं टॅली न करता झोपत होतो. या वेळी रात्री दीडपर्यंत बसलो.

आता ठेवायच्या कुठे? थंड, कोरड्या, अंधाऱ्या जागी. डोंबिवलीत अंधार तेवढा मिळतो, तोही भारनियमनाचा. पावसाळ्यात आमच्याकडे चपलांना, पापडांना आणि माझ्या पदवीच्या प्रमाणपत्राला बुरशी येते. मध्य अमेरिकेतल्या बेलीझ देशात सीडी खाणारी बुरशी सापडल्याचं २००१ साली प्रसिद्ध झालं होतं, हे वाचल्यापासून मी माळ्याकडे संशयाने बघतो. एक संच ताईकडे नाशिकला पाठवला. ताईने फोन केला, "तुझ्या तबकड्या पोचल्या. देवघराच्या कपाटात, लोकरी कपड्यांत ठेवल्यात. डांबराच्या गोळ्या टाकू का?" गोळ्या नकोत, हे पटवायला दोन फोन लागले. तारखा डायरीत लिहून ठेवल्या आहेत: दर दिवाळीला एकदा उघडून पाहायच्या, पाच वर्षांनी नव्या चकतीवर उतरवायच्या. मुदत संपलेल्या पावतीचं नूतनीकरण करतात, तसं. डायरीतच नॉमिनी म्हणून कन्येचं नाव घातलं. ती म्हणाली, "बाबा, पण मी ह्या कशात घालून बघणार?" म्हणून भाच्याचा ड्राइव्हही त्याच डब्यात ठेवून दिला आहे. भाच्याला अजून सांगितलेलं नाही.

अण्णांचा अर्धा फोटो फ्रेमवाल्याकडे नेला. त्याने राखाडी भागावर बोट ठेवून विचारलं, "हे कापून टाकू? छान दिसेल." मी हो म्हणणार होतो, तेवढ्यात सोबत आलेली आई म्हणाली, "कापू नका. आहे तस्सा लावा."

तसा तो लागला. संध्याकाळी कॉलेजातून आल्यावर कन्या बराच वेळ भिंतीसमोर उभी राहिली.

"आजी, यात मी कुठे आहे गं?"

"ती काय, तिथे खाली," राखाडी रंगाकडे बोट दाखवत आई म्हणाली, "धोतर भिजवते आहेस."