लागला काय गो रेडिओ?

आपल्या होस्टेलमध्ये कोणत्याही दुखण्यावर एकच निदान ठरलेलं आहे - "नेट स्लो आहे!" सिनेमा अडकला, नेट स्लो. असाइनमेंट अपलोड होईना, नेट स्लो. परवा तर गीझरचं पाणी तापेना तेव्हाही एकीच्या तोंडून सवयीने तेच निघालं! पण मित्रमैत्रिणींनो, ऑनलाइन रेडिओच्या बाबतीत हे निदान बहुतेक वेळा साफ चुकतं.

थोडं गणित करून बघा. रेडिओचा स्ट्रीम साधारण ६४ किंवा १२८ केबीपीएसचा असतो. १२८ केबीपीएस म्हणजे सेकंदाला १६ किलोबाइट, तासाला ५८ एमबीच्या आत. ज्या नेटवर अख्खी विंग रात्रभर वेब सिरीज बघते, त्या नेटला हे ओझं म्हणजे हत्तीच्या पाठीवर मुंगी. मग रेडिओ मध्येच मुका का होतो? हा प्रश्न आम्ही काही हौस म्हणून सोडवायला घेतला नव्हता. आपल्या मेसच्या मावशींनी तो आमच्या गळ्यात घातला.

मावशी कोकणातल्या. त्यांच्या भावाचं गावात भजनी मंडळ आहे. वर्षानुवर्षं देवळात गाणाऱ्या या मंडळाचं पहिल्यांदाच आकाशवाणीवर रेकॉर्डिंग झालं, आणि ते गुरुवारी संध्याकाळी साडेसहाला लागणार होतं. एकदाच. पुन्हा कधी लागेल, लागेल की नाही, कोणालाच ठाऊक नाही. मावशींकडे जुना ट्रान्झिस्टर आहे, पण इतक्या लांबचं मीडियम वेव्ह स्टेशन उजेड असताना इथे पकडत नाही. दिवसा वातावरणाच्या वरच्या भागातला 'डी' थर या लहरी शोषून घेतो. रात्री तो विरतो, तेव्हाच लांबची स्टेशनं ऐकू येतात. शिवाय मेसमधले एलईडी दिवे आणि एक्झॉस्ट फॅन यांची घरघर वेगळीच. सोमवारी मावशींनी मुलाने घेऊन दिलेला स्मार्टफोन आमच्या पुढ्यात ठेवला. "ह्याच्यात आमचा रेडिओ लागतो म्हणे. बघ गो पोरी, लागतो काय."

मी ईएनटीसीची, रूममेट कॉम्प्युटरची. म्हणजे लहरी माझ्याकडे आणि पॅकेट तिच्याकडे! हातात दिवस चार.

आवाज स्टुडिओतून निघतो, एन्कोडरमध्ये त्याचं डिजिटल पीठ होतं, ते सर्व्हरवर जातं, तिथून इंटरनेट, मग आपल्या कॉलेजचा फायरवॉल, मग वाय-फाय आणि शेवटी फोन. ही साखळी कुठे तुटली ते कळत नसेल तर टोकापासून चाचपत बसू नये, मधोमध तोडून बघावी. आम्ही तेच केलं. होस्टेलच्या वाय-फायवर नुसतं चक्र फिरत होतं. तोच फोन, तेच अॅप घेऊन गेटपाशी गेलो आणि मोबाइल डेटावर लावलं, तर खणखणीत आवाज! म्हणजे स्टेशन, सर्व्हर आणि फोन तिघेही एका फटक्यात निर्दोष सुटले. पण मेसच्या स्वयंपाकघरात मोबाइलला रेंजच नाही. वाय-फायशिवाय गत्यंतर नव्हतं.

रूममेटने स्ट्रीमचा पत्ता उघडून पाहिला. मध्ये लिहिलेलं होतं, ':८०००'. शाउटकास्ट आणि आइसकास्ट ही रेडिओ सर्व्हरची जुनी सॉफ्टवेअर्स. त्यांचा ठरलेला पोर्ट ८०००. आणि आपल्या फायरवॉलमधून बाहेर जायला वाट आहे ती ८० आणि ४४३ याच दोन दारांतून. आम्ही सिस्टिम अॅडमिनच्या सरांकडे गेलो. सर म्हणाले, "८००० उघडून मिळणार नाही. आज तुमच्यासाठी उघडलं, उद्या सगळे येतील. एचटीटीपीएसने सुरू होणारा पत्ता शोधा, तो ४४३ वरून येतो." त्यांनी मावशींसाठी वेगळं लॉगिन मात्र लगेच करून दिलं. वर एक माहितीही दिली. काही जुन्या वेबसाइटवरचे रेडिओचे प्लेअर कितीही क्लिक केलं तरी गप्प असतात, कारण ते फ्लॅशवर बनवलेले, आणि फ्लॅशचा आधार ३१ डिसेंबर २०२० ला संपला. शिवाय सुरक्षित पानामध्ये साध्या एचटीटीपीचा ऑडिओ टाकला असेल तर २०२० पासून क्रोम तो एचटीटीपीएसवरून मागवून बघतो, नाही मिळाला तर अडवतो. आपण मात्र स्पीकरचा आवाज वाढवत बसतो!

त्याच स्टेशनचा एचटीटीपीएसचा पत्ता मिळाला. तो व्हीएलसीमध्ये टाकला आणि मंगळवारी स्वयंपाकघरात रेडिओ बोलू लागला. पण कसा? पंधरा सेकंद बोलायचा, पाच सेकंद गप्प. मावशी म्हणाल्या, "ह्याला उचकी लागलीन."

त्यांना आता बफर समजावून सांगायचा होता. कॉन्व्हेंटमध्ये शिकल्यामुळे अशा वेळी माझी मराठी फोनच्या आधी अडकते. मी म्हटलं, "मावशी, नेटवरून आवाज सारखा एका धारेत येत नाही. कधी भसाभस येतो, कधी थेंब थेंब. म्हणून फोन आधी थोडा साठवून ठेवतो आणि त्यातून वाजवतो." मावशी कणीक मळता मळता म्हणाल्या, "म्हणजे गच्चीवरची टाकी." बस! दोन सेमिस्टर नेटवर्क्स शिकून मला जे एका वाक्यात सांगता आलं नव्हतं ते त्यांनी सांगून टाकलं. नळाला पाणी कमी-जास्त आलं तरी टाकी भरलेली असेल तर खाली धार सारखी पडते. व्हीएलसीची ही टाकी मुळात एका सेकंदाची असते. सेटिंगमध्ये नेटवर्क कॅशिंगचा आकडा १००० मिलिसेकंदांवरून १०,००० केला. फोन फ्रिजमागून उचलून कॉरिडॉरच्या बाजूच्या खिडकीत ठेवला, कारण राउटर तिकडे आहे. उचकी थांबली.

बुधवारी नवंच नाटक. रेडिओ नीट सुरू व्हायचा आणि काही मिनिटांनी आपोआप बंद. आम्ही दोघी घड्याळ लावून बसलो, तेव्हा लक्षात आलं की आवाज जातो तो स्क्रीन काळी झाल्यानंतरच. फोन बॅटरी वाचवायला मागे चालणारी अॅप्स झोपवतो. त्या अॅपवरचं बॅटरीचं बंधन काढून टाकलं, फोन चार्जिंगला लावला. त्या रात्री भांडी घासून होईपर्यंत रेडिओ वाजत होता.

गुरुवार. साडेसहा वाजायला आले. चपात्यांची घाई, पण मावशींनी गॅस बारीक केला. साडेसहाला भावाचा फोन मेसच्या लँडलाइनवर आला. गावाकडचा रेडिओ त्याच्या मागे लावलेला. रिसीव्हरमधून पखवाजाची थाप आम्हालाही ऐकू आली. आणि आमच्या खिडकीत मात्र अजून आधीच्या कार्यक्रमाचे निवेदक बोलत होते! मावशींचा चेहरा पांढरा पडला. "चुकीचा लागला काय गो रेडिओ?"

रूममेट शांतपणे म्हणाली, "थांबा मावशी, येतोय." गावात ट्रान्समीटरची लहर प्रकाशाच्या वेगाने पोचते. आपल्याकडे तोच आवाज एन्कोड होतो, सर्व्हरवर थांबतो, टाकीत भरतो आणि मग खाली पडतो. आम्ही घड्याळाकडे बघत राहिलो. पंचवीस सेकंद. तीस सेकंद. चाळिसाव्या सेकंदाच्या आसपास निवेदकांनी गावाचं नाव घेतलं आणि पखवाज वाजला. मावशी पिठाचे हात तसेच धरून उभ्या राहिल्या. भावाचा आवाज त्यांनी पहिल्या आलापात ओळखला. तव्यावरची चपाती करपली, कोणी काही बोललं नाही.

तिकडे कार्यक्रम संपला तेव्हा भाऊ लँडलाइनवरून विचारत होता, "कसा झाला?" मावशी त्याला म्हणाल्या, "गप रे, माझा अजून चाललाय."

गंमत बघा, रेडिओची लहर कोण ऐकतंय याची पर्वा न करता सगळीकडे पसरते. स्ट्रीम तसा नाही. तो ऐकणाऱ्याने मागावा लागतो, प्रत्येकासाठी सर्व्हरपासून फोनपर्यंत वेगळी जोडणी होते. म्हणूनच तो बंद पडला की कुठे बंद पडला ते शोधता येतं. दुसऱ्या नेटवर लावून बघा, पत्त्यातला पोर्ट वाचा, टाकी मोठी करा, स्क्रीन बंद होते तेव्हा काय होतं ते पाहा. एका वेळी एकच गोष्ट बदला. एवढं करूनही नाही जमलं, तर खुशाल म्हणा नेट स्लो आहे!

आणि हो, मेसच्या खिडकीत तो फोन आता रोज संध्याकाळी वाजत असतो. कृपया आपला फोन लावण्यासाठी त्याचा चार्जर काढू नये. भाजीत मीठ कमी-जास्त झाल्यास आम्ही जबाबदार नाही.