हवेली, बरॅक आणि खोली

आम्ही काही शिक्षक मंडळी अधूनमधून रविवारी कल्याणला एका छोट्या हॉलमध्ये सिनेमा दाखवतो. पडदा म्हणजे पांढरी चादर, प्रोजेक्टर मागून आणलेला. सिनेमा संपला की चहा होतो आणि तासभर चर्चा चालते. विषय बहुधा युद्ध, फाळणी, घरदार सुटलेली माणसं. "आपल्या लोकांना हे कशाला?" असं काहीजण विचारतात. त्यांच्यासाठी एका रविवारची हकीकत सांगते.

त्या दिवशी 'गरम हवा' होता. एम. एस. सथ्यू यांचा हा 1973 सालचा चित्रपट इस्मत चुगताई यांच्या कथेवर आधारलेला आहे. आग्र्याचा जोड्यांचा कारखानदार सलीम मिर्झा फाळणीनंतरही इथेच राहायचं म्हणतो. हवेली मात्र भावाच्या नावावर. भाऊ पाकिस्तानात गेल्यामुळे ती सरकार ताब्यात घेतं आणि सिंधहून आलेल्या अजमानी नावाच्या व्यापाऱ्याला मिळते. मिर्झा भाड्याच्या घरासाठी दारोदार फिरतो. ही भूमिका करणारे बलराज साहनी स्वतः मूळचे रावळपिंडीचे.

चर्चेत मुंब्र्याच्या एका तरुणाने विचारलं, "दुसऱ्याच्या हवेलीत राहताना अजमानीला झोप कशी लागत असेल?"

उल्हासनगरहून आलेले एक सिंधी काका उठले. म्हणाले, "माझ्या वडिलांना हवेली नाही, बरॅक मिळाली." दुसऱ्या महायुद्धात सैनिकांसाठी उभारलेल्या कल्याण कॅम्पमध्ये फाळणीनंतर सिंधी निर्वासितांना ठेवण्यात आलं. 1949 मध्ये त्याचं उल्हासनगर झालं. पत्ता सांगताना मात्र लोक आजही 'कॅम्प नंबर तीन', 'कॅम्प नंबर चार' असंच म्हणतात. काका पुढे बोलले, "सिंधमधल्या आमच्या घरात कोण राहत असेल, हे वडील अखेरपर्यंत विचारत होते. इकडून गेलेलंच एखादं कुटुंब असेल."

तरुण खाली बसला. मग माझ्या शेजारून अम्मी बोलली. 1993 मध्ये आम्ही जोगेश्वरीहून मुंब्र्याला आलो, तेव्हा मी कडेवर होते. घरात त्या दिवसांबद्दल कोणी बोलत नसे. "खोली विकली," एवढंच मला माहीत होतं. अम्मी म्हणाली, "बिकी कहाँ, छूट गई. भाव घेणाऱ्यानेच ठरवला. आम्ही फक्त मान हलवली."

श्रीकृष्ण आयोगाच्या अहवालात मुंबईच्या त्या दंगलीतल्या मृतांचा आकडा आहे, 900. भीतीपोटी मिळेल त्या भावाने खोली देऊन गेलेली माणसं अशा आकड्यांत येत नाहीत. कागदावर तो साधा व्यवहार असतो. काकांच्या वडिलांना निदान 'निर्वासित' हा शब्द मिळाला. अम्मीला कोणताच मिळाला नाही. मुंब्रा आणि उल्हासनगर लोकलने काही स्टेशनांच्या अंतरावर आहेत. इतक्या वर्षांत दोघांनी एकमेकांना विचारलं नव्हतं, ते एका सिनेमामुळे विचारलं गेलं.

उर्दूत आमच्याकडे 'हिजरत' हा मोठा शब्द आहे. वर्गात फाळणीचा धडा आला की मी मुलांना सांगते, आज घरी जाऊन विचारा, आपण इथे कधी आलो आणि का आलो? आणि लगेच लिहू नका. आधी नीट ऐकून घ्या.