जांभळ्या समुद्राची मालकी

शनिवारच्या दुपारी परळच्या एका जुन्या चाळीतल्या लांबट खोलीत पोस्टर कलरचा ओला, किंचित आंबूस वास भरून राहतो, आणि त्या वासातच मी संस्थेची फाइल उघडून बसते: घटना, नियमावली, विश्वस्तांची नावं, खोलीचा लिव्ह अँड लायसन्सचा करार, पालकांची संमतिपत्रं. मुलं फरशीवर पालथी पडून रंगवत असतात. कुणाच्या कोपराला निळा, कुणाच्या कानाच्या पाळीला पिवळा. फी मी घेत नाही. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्यात मुलाला मोफत वकील आहे, स्त्रीला आहे, कोठडीतल्या माणसाला आहे. पण मुलांना एका छपराखाली गोळा करणाऱ्या संस्थेचं नाव त्या यादीत नाही, आणि रंग, कागद, भाडं भागवता भागवता जिची पेटी रिकामी होते, तिने वकिलाचे पैसे आणायचे कुठून?

म्हणून शनिवार द्यायचा.

कायदा कोरडा असतो असं म्हणणाऱ्यांना मी या खोलीत बोलवीन. सज्ञान नसलेल्याने केलेला करार करारच नव्हे, हे १९०३ साली प्रिव्ही कौन्सिलने मोहोरी बीबीच्या खटल्यात ठरवून टाकलं; तेव्हापासून लहानग्याच्या नावामागे आई येते, बाप येतो, थरथरता अंगठा येतो. पण १९५७ चा कॉपीराइट कायदा वयच विचारत नाही. ब्रश टेकला, कागदावर लाट उठली, की त्या क्षणी ते चित्र रंगवणाऱ्याचं. नोंदणी नको, शिक्का नको. आणि हयातीनंतर आणखी साठ वर्षं. म्हणजे आज खिडकीपाशी वाळत पडलेला हा जांभळा समुद्र, ती सात वर्षांची पोर म्हातारी होऊन गेल्यावरही, तिच्या नातवंडांचे केस पिकेपर्यंत तिच्याच नावाने उसळत राहणार. जिची सही एका वहीच्या उधारीलाही चालत नाही, तिच्या मालकीचा एक अख्खा समुद्र!

हे पहिल्यांदा नीट उमगलं तेव्हा मी बराच वेळ नुसती बसून राहिले.

एका कंपनीला कॅलेंडरसाठी मुलांची चित्रं हवी होती. मसुद्यात एकच ओळ होती, सर्व हक्क, सर्व काळासाठी, जगभर. ती ओळ उलगडायला माझी एक रात्र गेली, आणि इतक्या आनंदात मी क्वचितच रात्र जागवली असेल: एका वर्षापुरती परवानगी, फक्त कॅलेंडरसाठी, मूळ चित्र मुलाला परत, खाली मुलाचं नाव. नावासाठी मी हटून बसले. हक्क विकले तरी कर्तेपण विकलं जात नाही, असं कलम ५७ सांगतं. दिल्लीच्या विज्ञान भवनातलं अमरनाथ सहगल यांचं ब्राँझचं भित्तिशिल्प १९७९ मध्ये त्यांना न विचारता उतरवलं गेलं; याच कलमाच्या बळावर २००५ साली दिल्ली उच्च न्यायालयाने उरलेले अवशेष त्यांना परत करायला लावले, वर पाच लाखांची भरपाई दिली. त्या थोर शिल्पकाराला मिळालेला आधार या फरशीवरच्या पोरांनाही तसूभर कमी नाही. कॅलेंडर आलं तेव्हा पालकांनी चित्राआधी नावं वाचली.

आता विश्वस्त मंडळ बदलतंय. नव्वद दिवसांच्या आत वरळीच्या धर्मादाय कार्यालयात बदल अर्ज जायला हवा. नव्या विश्वस्तांत एक मुलगी आहे, याच खोलीत रंगांनी माखून वाढलेली, नुकती सज्ञान झालेली. सही करण्याआधी तिने सगळा अर्ज वाचला, मग विचारलं, "ताई, ते सत्तावन्न कलम नाटकालाही लागू होतं का?" संहितेला होतं, मी म्हटलं. "मग दिवाळीत आपण सगळ्यांनी मिळून लिहिलं, त्यावर नावं कुणाची?"

सगळ्यांची. आम्ही यादी करायला बसलो. दोन मुलं गावी गेली होती, त्यांच्या घरी फोन लावले.